'रिव्हॉल्व्हर'ची मोनो एलपी घरात निघाली आहे. पहिली छपाई आहे का, हे ओळखायचं कसं?

वसुधा_कोथरूड

नमस्कार मंडळी. विषय गाण्याचा कमी आणि भाऊबंदकीचा जास्त आहे, पण इथल्या जाणकारांशिवाय सुटायचा नाही.

माझे मामा १९६५ ते ६८ इंग्लंडमध्ये होते, कॉव्हेंट्रीला. बोटीने परत आले तेव्हा ट्रंकेत कपड्यांपेक्षा रेकॉर्डीच जास्त निघाल्या, यावरून आजी त्यांना शेवटपर्यंत बोलायची. मामा गेल्या वर्षी वारले. रेकॉर्डी माझ्याकडे आल्या, कारण चालू स्थितीतला प्लेअर फक्त माझ्याकडे होता. तेव्हा कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

मध्यंतरी धाकट्या मामेभावाने सहज म्हणून बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'च्या कव्हरचा फोटो एका विक्रेत्याला पाठवला. त्याने उलट टपाली "फर्स्ट प्रेस मोनो, अत्यंत दुर्मिळ" (म्हणजे पहिल्या छपाईची, स्टीरिओ नव्हे अशी) असं कळवून एक आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की तेव्हापासून दोन्ही मामेभावांना अचानक बीटल्स फार आवडायला लागले आहेत.

मला दिसतं ते असं: लेबल काळं, त्यावर पिवळ्या अक्षरांत पार्लोफोन. क्रमांक पीएमसी ७००९. लेबलाच्या कडेने गोल ओळ आहे, तिची सुरुवात 'द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड' अशी. मध्ये एक वाक्य आहे की ही रेकॉर्ड युनायटेड किंगडममध्ये ठरलेल्या किमतीच्या अटीवर विकायची आहे. साल १९६६. कव्हरच्या मागच्या बाजूला पुढचा चकचकीत कागद दुमडून चिकटवलाय. आतल्या कागदी पिशवीवर एमिटेक्स नावाच्या पुसायच्या कापडाची जाहिरात.

शिवाय याच एलपीची दुसरी प्रत आहे. ती मामींनी मुंबईत घेतलेली, तिच्यावर 'मेड इन इंडिया' आहे.

मला विकायची नाही. दोघांना समोर बसवून खरं काय ते सांगायचं आहे. लेबल बघून ठरतं का हे?

हेजकर

वसुधाताई, लेबल बघून ठरत नाही. कव्हर बघून तर मुळीच नाही, आणि कव्हरच्या फोटोवरून जो 'फर्स्ट प्रेस' म्हणतो त्याचा फोन पुन्हा उचलू नका.

तुम्ही वर्णन मात्र झकास केलंय, त्यामुळे अर्धं काम झालं. पार्लोफोनचं लेबल १९६३च्या सुरुवातीला काळ्यावर सोनेरी होतं, मग काळ्यावर पिवळं आलं. कडेच्या ओळीत आधी 'द पार्लोफोन कंपनी लिमिटेड' असायचं, १९६५ च्या सुमारास त्याजागी 'द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड' आलं. किमतीच्या अटीचं ते वाक्य १९६४ पासून छापत होते आणि १९६९ मध्ये गाळलं. त्याच वर्षाच्या अखेरीस पिवळी अक्षरं गेली, चंदेरी आली आणि पार्लोफोनच्या मालक कंपनीचं, ईएमआयचं, नाव चौकटीत आलं. म्हणजे तुमची प्रत १९६६ ते १९६९ या काळातली ब्रिटिश प्रत आहे. मामा ६८ ला परतले, तेव्हा फार तर ६८ पर्यंतची. पण रेकॉर्ड बाजारात आली ५ ऑगस्ट १९६६ ला, आणि पुढची तीन वर्षं याच लेबलाखाली छापत राहिले. पहिल्या आठवड्यातली प्रत आणि दोन वर्षांनंतरची प्रत लेबलावरून सारखीच दिसते.

लेबलाच्या भोकाजवळ दाबून उमटवलेली दोन अक्षरं दिसतील, बहुधा 'केटी'. ती खरेदीकराची खूण. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला, म्हणजे ही अक्षरं असली तर प्रत त्याच्या आधीची. पण तुमच्या बाबतीत हे आधीच सिद्ध झालंय.

आता खरी गोष्ट. गाणं संपतं ती शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये जो गुळगुळीत पट्टा आहे, रनआउट म्हणतात त्याला, तिथे पाहा. लेबल छापखान्यात छापतात, कव्हर तिसऱ्याच ठिकाणी बनतं, आणि साठ वर्षांत कुणी कुणाचं कव्हर कुणाला घातलं देव जाणे. रनआउटमधले आकडे मात्र प्लास्टिकमध्येच उमटलेले असतात, ते बदलता येत नाहीत.

तिथे काय लिहिलंय ते कळायला रेकॉर्ड बनते कशी ते थोडं कळायला हवं. अ‍ॅबे रोडच्या स्टुडिओत टेपवरून एका मऊ लॅकरच्या चकतीवर खाच कापतात. त्या चकतीवर धातूचा थर चढवून उचलला की खाचांचे उलटे उंचवटे मिळतात, ती मास्टर. मास्टरवरून पुन्हा थर घेतला की सुलटी प्रत येते, तिला मदर म्हणतात. मदरवरून परत उलटी प्रत घेतात, तो स्टॅम्पर. मोदकाच्या साच्यासारखं काम हा स्टॅम्पर करतो: दोन बाजूंचे दोन स्टॅम्पर, मध्ये गरम व्हायनिलचा गोळा, वरून दाब. एक स्टॅम्पर काही शे ते हजारभर प्रती टिकतो, मग झिजतो आणि दुसरा लावतात. एका मदरवरून बरेच स्टॅम्पर निघतात, एका मास्टरवरून बऱ्याच मदर.

ईएमआयची सोय अशी की या प्रत्येक पायरीची नोंद त्यांनी रेकॉर्डवरच करून ठेवली.

रेकॉर्ड टेबलावर ठेवा, अंधार करा आणि टॉर्च जवळजवळ आडवा धरा. वरून प्रकाश टाकला तर काही दिसणार नाही. एक्सईएक्स आणि पुढे तीन आकडे असा क्रमांक सापडेल, यंत्राने ठोकलेला. तो तुमच्याकडे सुलटा वाचता येईल असा खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी आणा. लेबल कुठे फिरलंय याची फिकीर करू नका. आता डावीकडे, नऊच्या जागी, एक बारीक आकडा असेल. तो मदरचा. उजवीकडे, तीनच्या जागी, एक-दोन-तीन इंग्रजी अक्षरं असतील. तो स्टॅम्परचा क्रमांक, पण सांकेतिक. त्याची किल्ली 'ग्रामोफोन लिमिटेड' या नावातच आहे. त्यातली दहा अक्षरं ओळीने घ्यायची: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि शेवटची डी म्हणजे शून्य. 'जीडी' दिसलं तर दहावा स्टॅम्पर, 'आरओ' दिसलं तर पंचविसावा.

दोन्ही बाजूंचे वेगवेगळे येतील. घाबरू नका, ते तसेच असतात, कारण एका बाजूचा साचा झिजला की तेवढाच बदलायचे.

एक्सईएक्सच्या क्रमांकाला शेवटी आडवी रेघ आणि एक आकडा असतो. तो सगळ्यात महत्त्वाचा. लॅकरची चकती कितव्यांदा कापली हे तो सांगतो. आता लोकांचा गैरसमज असा की '-१' असेल तरच पहिली छपाई. तसं नाही. पुष्कळदा पहिली कापणी पसंत पडत नसे किंवा धातूकाम करताना बिघडे, मग '-२' पासूनच बाजारातल्या प्रती सुरू होत. प्रत्येक रेकॉर्डची कुंडली वेगळी.

तुमच्या 'रिव्हॉल्व्हर'ची कुंडली मात्र खास आहे, आणि त्या विक्रेत्याचा आकडा तिथूनच आलाय. दुसऱ्या बाजूचा क्रमांक एक्सईएक्स ६०६. या बाजूवर शेवटचं गाणं आहे 'टुमॉरो नेव्हर नोज'. त्याची मोनो मिश्रणं, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून बनवलेली मिक्स, बरीच झाली होती. पहिल्या कापणीत अकरावं मिश्रण गेलं. नंतर जुलै ६६ मध्ये बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिननी कळवलं की अकरावं नको, आठवं घ्या. पुन्हा कापलं. पण तोवर '-१' वरून छापलेल्या काही प्रती तयार होत्या आणि त्या दुकानांत गेल्याच. म्हणून ६०६-१ ला संग्राहक जीव टाकतात: ती नुसती लवकरची नाही, तिच्यावर वेगळं मिश्रण आहे. बाकी कुठल्याही मोनो प्रतीवर ते नाही, आणि स्टीरिओवर असण्याचा प्रश्नच नाही.

तेव्हा ताई, एकच गोष्ट बघा. दुसरी बाजू, सहाची जागा, शेवटचा आकडा. पहिल्या बाजूच्या ६०५ ला काय शेपूट आहे त्याने या बाबतीत फरक पडत नाही.

आणि हो, माझं नाव बघून कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगून टाकतो. मी मिडलसेक्सच्या हेजला राहतो. नोकरी हीथ्रोला केली, रेकॉर्ड कंपनीत नव्हे. पण तुमच्या मामांची ती रेकॉर्ड छापली गेली ती आमच्या ब्लाइथ रोडवर. त्या कारखान्याची कोनशिला १९०७ मध्ये नेली मेल्बा या गायिकेच्या हस्ते बसवली होती. आता तिथे फ्लॅट आहेत आणि वसाहतीला नाव दिलंय 'द ओल्ड व्हायनिल फॅक्टरी'. भाडी ऐकलीत तर ६०६-१ स्वस्त वाटेल.

झेपेलभाऊ

हेजकर काकांना दंडवत. पण एवढी मेहनत कशाला? डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या संकेतस्थळावर जा, क्रमांक टाका, कव्हर जुळलं की झालं. मी माझ्या सगळ्या रेकॉर्डी तशाच नोंदवल्यात.

आणि रनआउटचाच विषय निघालाय तर 'लेड झेपलिन टू' कसं विसरता? १९६९ ची अमेरिकन अटलांटिक, एसडी ८२३६. रनआउटमध्ये हाताने कोरलेलं 'आरएल' दिसलं की उडी मारायची. रॉबर्ट लुडविग या ध्वनितंत्रज्ञाची कापणी. खाच इतकी जोरकस कापली होती की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची. तशाच एका प्लेअरवर उडाली आणि कंपनीने मवाळ करून पुन्हा कापायला लावली, असं खुद्द लुडविग सांगतात. माझ्या कॉलेजमधल्या मित्राकडे आहे 'आरएल'. ढोलाचा ठोका छातीत बसतो.

हेजकर

भाऊ, 'आरएल' चं उदाहरण अगदी बरोबर. तिथेही लेबल तेच, कव्हर तेच, फरक फक्त दोन अक्षरांचा.

डिस्कॉग्जला माझा विरोध नाही, मी रोज उघडतो. पण तिथल्या नोंदी तुमच्या-माझ्यासारख्यांनीच भरलेल्या आहेत. पीएमसी ७००९ टाकलंत की एक नाही, ढीगभर नोंदी येतात आणि सगळ्यांचं कव्हर जुळतं. त्यातली आपली कुठली हे ठरवायला शेवटी त्या नोंदीच्या तळाशी रनआउटचे आकडे दिलेले असतात ते ताडून बघावे लागतात. तुम्ही 'कव्हर जुळलं की झालं' म्हणालात. तुमच्या यादीतल्या किती नोंदी बरोबर आहेत हे मी विचारत नाही.

कॅटलॉग क्रमांक आणि मॅट्रिक्स क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नव्या लोकांनी डोक्यात पक्कं करा. पीएमसी ७००९ हा दुकानदारासाठी, मागणी नोंदवायला. एक्सईएक्स ६०५ आणि ६०६ हे कारखान्यासाठी, प्रत्येक बाजूला स्वतंत्र. त्याच एलपीच्या स्टीरिओ प्रतीचा कॅटलॉग क्रमांक पीसीएस ७००९ आणि मॅट्रिक्सची सुरुवात एक्सईएक्सऐवजी वायईएक्स. कधी मोनोच्या कव्हरात स्टीरिओ रेकॉर्ड निघते, तेव्हा हे उपयोगी पडतं.

वसुधा_कोथरूड

हेजकर काका, काल रात्री मुलीला टॉर्च धरायला बसवलं आणि भिंग घेऊन वाचलं. आडव्या प्रकाशात खरंच अक्षरं उठून दिसली, दिवसा त्याच जागी काही नव्हतं.

ब्रिटिश प्रत, पहिली बाजू: एक्सईएक्स ६०५-२. डावीकडे १. उजवीकडे 'जीपी'.

दुसरी बाजू: एक्सईएक्स ६०६-२. डावीकडे १. उजवीकडे 'एएल'.

म्हणजे पहिली बाजू सोळावा स्टॅम्पर, दुसरी अडतिसावा? बरोबर लावलं का? आणि ६०६ ला शेपूट २ आहे, म्हणजे "ती" नाही, हो ना?

मी तरीही गाणं लावून बघितलं. पण वेगळं मिश्रण कानाला कसं कळतं ते मला माहीत नाही.

मेड इन इंडिया प्रतीवरही एक्सईएक्स ६०५ आणि ६०६ च आहेत. यंत्राने ठोकलेले, तशाच वळणाचे. पण उजवी-डावीकडची अक्षरं मला लागली नाहीत.

हेजकर

गणित पैकीच्या पैकी. १६ आणि ३८. आणि हो, "ती" नाही. दोन्ही मामेभावांना चहाला बोलवायला हरकत नाही.

पण आता माझं मत ऐका. दोन्ही बाजूंची मदर पहिलीच आहे आणि स्टॅम्परचे क्रमांक कमी आहेत. बीटल्सच्या रेकॉर्डींचे स्टॅम्पर शेकड्यांनी व्हायचे, तीन अक्षरी खुणा सर्रास सापडतात. त्या मानाने तुमची प्रत अगदी आरंभीची म्हणावी लागेल, रेकॉर्ड आली त्या दिवसांच्या आसपासची. याहून नेमकी तारीख कुणी सांगितली तर मानू नका. स्टॅम्पर ज्या क्रमाने बनले त्याच क्रमाने यंत्रावर चढले असं नसतं, एकाच वेळी बरीच यंत्रं चालायची. 'अडतिसावा म्हणजे अमुक वाराची' असले हिशेब सांगणारे असतात, त्यांना पंचांग विचारावं.

मिश्रणाबद्दल. अकराव्यात टेपचे ते ओरडल्यासारखे आवाज थोडे वेगळ्या जागी आणि वेगळ्या जोराने येतात. सगळ्यात सोपी खूण शेवटी आहे: गाणं विरत जाताना जो पियानो येतो तो ६०६-१ वर जरा जास्त वेळ ऐकू येतो. तुमची '-२' आहे, तिथे तो लवकर विरेल. पण कानाने ठरवायला दोन्ही समोरासमोर हव्यात. आकडा असताना कानाला कष्ट देऊ नयेत.

मेड इन इंडिया प्रतीचं मला जास्त अप्रूप. कलकत्त्याच्या डमडमचा कारखाना ईएमआयचाच. परदेशी रेकॉर्डींसाठी कापणी इथे व्हायची आणि धातूचा साचा हेजहून तिकडे जायचा. तुमच्या भारतीय प्रतीवर तसाच ठोकलेला एक्सईएक्स आहे म्हणजे खाच अ‍ॅबे रोडचीच, व्हायनिल आणि दाब मात्र डमडमचा. ग्रामोफोन लिमिटेडची किल्ली हेजच्या स्टॅम्परांसाठी आहे, ती डमडमच्या प्रतींना लावायला जाऊ नका. भलतेच आकडे निघतील.

संग्राहक भारतीय प्रतींना नाकं मुरडतात. खरखर जास्त, कव्हरचा कागद पातळ, हे खरं आहे. पण जी प्रत तुमच्या मामींनी जपून वाजवली ती, दहा घरांत पार्ट्यांना वाजून आलेल्या ब्रिटिश प्रतीपेक्षा चांगली लागू शकते. दोन्ही लावून बघा आणि सांगा. किमतीच्या बाबतीतही तेच: खाचा झिजलेल्या असल्या तर पहिली मदर असून काही उपयोग नाही. गाण्याच्या शेवटाकडे, म्हणजे लेबलाच्या बाजूला, आवाज फाटतो का ते ऐका. तिथे झीज आधी कळते.

खर्डा७८

इतका वेळ गप्प वाचत होतो. हेजकर, तुमचं सगळं प्लास्टिकचं. आमच्या लाखेच्या ७८ ची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डींची, पण जरा कुणी आठवण ठेवा.

वसुधाताई, मामांच्या ट्रंकेत इंग्लंडच्या रेकॉर्डी, ठीक. पण आजोळी आजोबांच्या ७८ च्या पेट्या असतील तर त्या भंगारात घालू नका. छपाया ओळखायचा खरा खेळ तिथे आहे.

फार जुन्या भारतीय रेकॉर्डी एकाच बाजूने वाजतात. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं, पण छापायची सोय इथे नव्हती. आवाज कोरलेलं मेण जर्मनीत हॅनोवरला जायचं आणि रेकॉर्डी बोटीने परत यायच्या. मागच्या कोऱ्या बाजूवर पंख असलेला देवदूत खाचा लिहीत बसलेला दिसला आणि हॅनोवरचं नाव दिसलं तर समजा सुरुवातीचं घराणं. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला आणि मग रेकॉर्डी इथेच छापू लागले, दोन्ही बाजूंनी. डमडमचा कारखाना त्यानंतरचा, १९२८ च्या सुमाराचा. गौहरजान गाणं संपल्यावर इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात ते ऐकलंय ना? हॅनोवरच्या माणसाला ही कुणाची रेकॉर्ड ते कळावं आणि लेबल बरोबर लागावं, यासाठी ती घोषणा होती, असं सांगतात.

गंमत पुढे आहे. तेच जुनं मुद्रण पुढे वर्षानुवर्षं नव्या कॅटलॉग क्रमांकाने, नव्या लेबलाने निघत राहिलं. लेबलावर कुत्रा आला, रंग बदलले, क्रमांकाआधीचं अक्षर बदललं, पण मॅट्रिक्स तोच. लेबल तीसच्या दशकातलं आणि आवाज भोंग्यात तोंड घालून गायलेला, असं झालं की ओळखायचं. १९२५ नंतर मायक्रोफोन आणि विजेवरचं मुद्रण आलं, त्याआधीच्या आवाजात तबल्याचा बाया जवळजवळ नसतोच.

आणि जुन्या मॅट्रिक्सच्या शेवटचं बारीक अक्षर बघायला विसरू नका. मुद्रण करायला आलेला तंत्रज्ञ कोण आणि रेकॉर्ड किती इंचांची, हे त्यावरून कळतं. विलायतेत ही कोडी सोडवण्यात लोकांनी हयात घालवली आहे.

आमच्या भागातलं उदाहरण देतो. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब. १९३०च्या दशकातल्या त्यांच्या रेकॉर्डी मूळच्या ओडियनच्या. पुढे तीच मुद्रणं कोलंबियाच्या लेबलावर आली आणि घरोघरी गेली ती बहुतेक कोलंबियाची. आजही कुणी "खाँसाहेबांची मूळ रेकॉर्ड" म्हणून दाखवतो आणि हातात कोलंबिया असते. मूळ नाही, पण टाकाऊही नाही. उलट नंतरची छपाई कधी कधी कमी वाजलेली असते.

ज्यांना यात खोल जायचंय त्यांनी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या वार्तापत्राचे जुने अंक शोधावेत. १९९० पासूनची संस्था आहे, यादीकाम म्हणजे काय ते कळेल.

जाता जाता बीटल्सवाल्यांसाठी: विलायतेत ७८ चं उत्पादन १९६० च्या सुमारास थांबलं, पण आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन चालू होते. त्यामुळे बीटल्सच्या लाखेच्या ७८ निघाल्या त्या भारतात, पार्लोफोनच्याच लेबलावर, डीपीई अशा क्रमांकाने. जगभरचे संग्राहक त्या शोधत आपल्या जुन्या बाजारांत येतात. मामींना विचारून बघा.

झेपेलभाऊ

थांबा थांबा. बीटल्स, ७८ वर? चावीच्या ग्रामोफोनवर? मी हे आत्ता पहिल्यांदा ऐकतोय. आजोबांच्या माळ्यावर चढतोय.

(आणि काका, काल रात्री माझ्या यादीतल्या पाच रेकॉर्डींचे रनआउट वाचले. यादी दुरुस्त करतोय. जास्त विचारू नका.)

वसुधा_कोथरूड

आज दोघेही आले होते. थोरल्याला मी टॉर्च आणि भिंग दिलं आणि स्वतःच वाचायला लावलं. '-२' वाचून धाकटा म्हणाला, "एकाचा फरक, त्यात काय एवढं." मग मी त्याला पियानोची गोष्ट सांगितली. चहा झाला, दोन्ही प्रती लावल्या. थोरला म्हणतो भारतीय प्रत जास्त स्वच्छ वाजते, आणि मलाही तसंच वाटलं. ब्रिटिश प्रतीत शेवटच्या गाण्याला आवाज फाटतो, तुम्ही म्हणालात तसा. मामांनी ती बाजू झिजेपर्यंत ऐकली असणार.

आता भारतीय प्रत कुणाकडे राहणार यावर चर्चा सुरू आहे.

खर्डा७८, तुमच्यामुळे मामींना फोन केला. बीटल्सची ७८ नाही, पण आजोबांची एक पेटी मिरजेच्या घरी आहे. बालगंधर्व आहेत, आणि एक एका बाजूचीच, मागे देवदूत. सगळ्यावर बुरशी आणि धूळ. व्हायनिलसाठी मी स्पिरिट पाण्यात मिसळून पुसते, तेच यांना चालेल ना? रविवारी जाणार आहे.

खर्डा७८

नाही! ताई, स्पिरिटची बाटली पुण्यातच ठेवून या. ७८ लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराकडचं पॉलिश लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच करतात. खाचांसकट वरचा थर निघून येईल, एका फडक्यात १९०५ साल पुसलं जाईल.

कोमट नव्हे, साधं गार पाणी. त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल. लेबलावर पाणी जाऊ देऊ नका, जुना रंग सुटतो. लगेच कोरड्या सुती कापडाने टिपा आणि सावलीत उभी वाळवा. उन्हात ठेवलीत तर वाकेल. पेटी उचलताना रेकॉर्डी आडव्या एकावर एक रचू नका, देवदूतवाली खालीच जाईल आणि तडकेल.

आणि पुसायच्या आधी टॉर्च आडवा धरून लेबलाजवळचं जे काही वाचता येईल ते वहीत लिहून घ्या, ते शेवटचं बारीक अक्षरसुद्धा. इथे टाका. हेजकर आणि मी बसतो भांडायला.

हेजकर

मी बसलोय. देवदूतवालीच्या मागच्या बाजूचा फोटो आधी.